चेहरा न पाहता केलेली सही

लेस्टरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देते.

«ताई, मी मूळची सांगली जिल्ह्यातली. इंग्लंडमध्ये नऊ वर्षं नर्स आहे, सध्या श्वसनविकारांच्या क्लिनिकमध्ये बँड सिक्सवर, म्हणजे अनुभवी नर्सच्या श्रेणीत. दोन वर्षांपूर्वी प्रिस्क्रायबिंगचा कोर्स केला, व्ही-३००, त्यामुळे औषधं मी स्वतः लिहून देऊ शकते. आमच्या मंडळातल्या एक वहिनी पार्लर चालवतात. दोन दिवसांचा कोर्स करून त्या बोटॉक्सची, म्हणजे आठ्या घालवायची, आणि फिलरची, म्हणजे ओठ-गाल भरायची, इंजेक्शनंही देतात. बोटॉक्सला प्रिस्क्रिप्शन लागतं, म्हणून त्या मला व्हॉट्सअ‍ॅपवर बाईचा फॉर्म आणि फोटो पाठवतात. मी रात्री मुलं झोपल्यावर फार्मसीच्या साइटवर सही करते. एका सहीचे २५ पौंड. गेल्या काही महिन्यांत अशा १२ झाल्या. आता हॉस्पिटलमधली मैत्रीण म्हणते, नियम बदललाय, पेशंटला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय लिहायचं नाही. वहिनी म्हणतात, ‘अगं, सगळ्याच करतात. ब्यूटिशियन बिनधास्त सुया टोचतात, त्यांना कोणी विचारत नाही, मग तुम्हा नर्सेसनाच का नियम?’ घराचे हप्ते आहेत. वहिनींचे मिस्टर आणि माझे मिस्टर एकाच ठिकाणी काम करतात. नाही म्हणणं जड जातंय. आणि खरं सांगू का, मला हे काम आवडतं, पुढे यातच जावंसं वाटतं. काय करू?»

वयाने मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. आज रात्री वहिनींकडून फॉर्म आला तर सही करू नकोस. एवढं आधी ठरव, मग पुढचं वाच.

तुझी मैत्रीण बरोबर सांगते आहे. १ जून २०२५ पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा, म्हणजे आपली नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे की सौंदर्योपचाराचं औषध लिहून देणाऱ्या नर्सने त्या व्यक्तीला आधी समोरासमोर तपासलं पाहिजे. फोनवर नाही, फॉर्मवरून नाही, फोटोवरून तर नाहीच. तुझ्या बाराही सह्या त्यानंतरच्या आहेत.

आता वहिनींचा प्रश्न. तो मी उडवून लावणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे आणि माझाही त्यावर जीव जळतो. इंग्लंडमध्ये फिलर हे औषध धरलं जात नाही, त्याला प्रिस्क्रिप्शन लागत नाही, आणि ते कोणी टोचावं यावर कायद्याची अट नाही. २०१३ मध्ये सर ब्रूस किओ यांच्या समितीने सरकारला लिहून दिलं होतं की असा उपचार घेणाऱ्या माणसाला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही. त्यानंतर २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स, फिलर देण्यावर बंदी आली. २०२२ च्या कायद्याने परवाना पद्धत आणायचा अधिकार सरकारला मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की सगळ्यात धोक्याचे उपचार फक्त पात्र वैद्यकीय माणसांनीच करायचे, आणि बोटॉक्स-फिलरला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागणार. इतकी वर्षं गेली, अजून पार्लरच्या दारावर परवान्याची पाटी नाही. हा अन्यायच आहे, पेशंटवर आणि नीट शिकलेल्या प्रत्येकीवर.

पण बोटॉक्सची गोष्ट वेगळी. बोटॉक्स हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे. म्हणजे ती कुपी आणि त्या बाईचं कपाळ यांच्या मधे कायद्याने एकच माणूस उभा केला आहे, सही करणारा. वहिनींना कोणी विचारत नाही, हे खरं. म्हणूनच तुला विचारणार.

आणि ही मागणी नर्सेसकडेच का वळली, तेही समजून घे. डॉक्टरांना त्यांच्या कौन्सिलने २०१२ मध्येच बजावलं होतं की फोनवरून, व्हिडिओवरून, ऑनलाइन बोटॉक्स लिहून द्यायचं नाही. ते दार बंद झालं. नर्सेसना मात्र २०२५ पर्यंत काही परिस्थितीत न भेटता लिहून द्यायला वाव होता. ज्यांना सही हवी होती ते साहजिकच आपल्याकडे आले. पार्लरमागून पार्लर, ऑनलाइन फार्मसी, रात्री साडेदहाचा मेसेज. आपल्यातल्या पुष्कळ जणींना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण फॉर्म भरलेला असायचा आणि सगळं कसं कागदोपत्री नीट दिसायचं. तुला एकटीला मी दोष देत नाही.

एक प्रसंग सांगते. मी मिरजेत शिकले आणि इंग्लंडात चोवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ इमर्जन्सीत. एका शनिवारी संध्याकाळी पंचविशीतली मुलगी आली, तोंडावर स्कार्फ धरून. स्कार्फ काढला तर वरच्या ओठाची डावी बाजू खडूसारखी पांढरी, आणि तिथून नाकपुडीपर्यंत त्वचेवर जांभळट जाळी, थंडीत उघड्या पिंढऱ्यांवर उमटते ना, तशी. मी ओठ बोटाने दाबला, सोडला आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन... रंग परत येईना. सकाळी फिलर घेतलं होतं. ते शिरेत जाऊन रक्त अडलं होतं. ती विचारत होती, ‘उद्या सूज उतरेल ना?’ आणि मी तिच्याकडे न बघता डॉक्टरांना हाक मारत होते.

फिलर विरघळवायला हायल्युरोनिडेज लागतं. आमच्या खोलीत ते नव्हतं. डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देताना वापरतात, तिथून पळत आणलं. दरम्यान माझ्या सोबतची नर्स तिची पिशवी बघत होती, काय टोचलंय ते कळावं म्हणून. त्याच दिवशी तिला बोटॉक्सही दिलं होतं, आणि ‘ओरिजिनल आहे’ हे दाखवायला पार्लरवालीने रिकामं खोकं तिच्या हातात दिलं होतं. खोक्यावर फार्मसीचं लेबल होतं. लेबलवर दुसऱ्याच बाईचं नाव. सोबतच्या कागदावर प्रिस्क्रिप्शन देणाऱ्या नर्सचं नाव आणि नंबर होता. डॉक्टरांनी फोन लावला. ती नर्स दुसऱ्या शहरात होती. मुलीचं नाव ऐकून ती म्हणाली, ‘कोण?’

मुलीचा ओठ वाचला. नाकपुडीशी बारीकसा व्रण राहिला. त्या नर्सचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण तो ‘कोण?’ माझ्या कानातून गेलेला नाही. तिने ते खोटं बोलून झटकलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

लेबलवर दुसरीचं नाव कसं, ते तुला कळलं असेलच. कुपी १०० युनिटची. भुवयांमधल्या आठ्यांना नेमून दिलेला डोस २० युनिट, डोळ्यांच्या दोन्ही कडांना मिळून २४, कपाळाला २०. तिन्ही ठिकाणी दिलं तरी ६४. उरलेलं ओतून टाकायला पार्लरवालीचा जीव होत नाही, मग पुढची बाई. पण तू ते औषध एका नावावर लिहून दिलेलं असतं. त्या नावाच्या बाईसाठीच ते वापरायचं असतं. तेव्हा वहिनींना सरळ विचार की माझ्या १२ कुप्या किती जणींना गेल्या. उत्तर बारा असेल तर चांगलंच. मला मात्र धाकधूक वाटते.

अजून एक. तुझ्या सहीची फार्मसीतून आलेली कुपी आणि दुसरीकडून स्वस्तात आणलेली कुपी एकाच फ्रिजमध्ये शेजारी ठेवलेल्या असतील, तर तुला कसं कळणार? जून-जुलै २०२५ मधली गोष्ट तू ऐकली असशील. जेमतेम सहा आठवड्यांत इंग्लंडमध्ये अशा इंजेक्शनांनंतर बोट्युलिझमच्या ३८ केसेस निघाल्या. ईशान्येला सुरुवात झाली, तुमच्या ईस्ट मिडलंड्समध्येही होत्या. पापण्या पडणं, एकाची दोन दिसणं, गिळता न येणं, जीभ जड होणं. तपास करणाऱ्यांचा रोख बिनपरवान्याच्या मालावर होता.

आता तुझ्या रोजच्या कामाकडे बघ. क्लिनिकमध्ये नवीन इनहेलर लिहून देताना तू काय करतेस? पेशंटच्या हातात डेमोचा इनहेलर देतेस, ‘ओढून दाखवा’ म्हणतेस, आणि बघतेस. ओठ घट्ट मिटतात का, श्वास धरला जातो का, संधिवाताच्या बोटांनी तो दाबला तरी जातो का. फॉर्मवर ‘मला इनहेलर वापरता येतो’ याला टिक केली म्हणून तू कधी लिहून दिलाय? तीच तू रात्री जांभया देत एका अनोळखी चेहऱ्याचं औषध लिहून देतेस. हे तुझ्या स्वभावात बसत नाही, म्हणून तर पत्र लिहिलंस.

समोर बसलेल्या बाईत जे दिसतं ते फोटोत येत नाही. एक पापणी मुळातच किंचित खाली असते आणि ती भुवई उचलून ते झाकत असते. कपाळाचा स्नायू सैल केला की ती पापणी डोळ्यावर येणार. बोलता बोलता तिचा आवाज संध्याकाळी बसतो, पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात असं ती सांगते. मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, शंका यायला तेवढं पुरतं, आणि अशा बाईला बोटॉक्स द्यायचं नसतं. फॉर्मवर तिने ‘कोणताही आजार नाही’ लिहिलेलं असतं, आणि ते तिच्या मते खरंच असतं, कारण तिचं निदानच झालेलं नाही. कोणी अंगावर पाजत असते, आणि तिला ‘गरोदर आहात का?’ एवढंच विचारलेलं असतं. कोणी सतरा वर्षांची असते आणि फोटोत पंचविशीची दिसते. कोणी नुकतीच जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनची इंजेक्शनं घेऊन आलेली असते, ज्याने बोटॉक्सचा जोर वाढू शकतो.

आणि कोणी फक्त रडायला आलेली असते. आपल्या बायकांबद्दल सांगते, कारण तुझ्या वहिनींच्या पार्लरमध्ये त्याच येत असणार. पुतण्याचं लग्न आहे, महिनाभराने भारतात जायचंय, तिकडच्या जावा काय म्हणतील. किंवा नवरा जेवताना सहज म्हणाला, ‘किती थकलेली दिसतेस.’ तिला दहा मिनिटं समोर बसवून तू नुसतं विचारलंस की हे कधीपासून मनात आहे, तर अर्ध्या वेळा तिला इंजेक्शन नकोच असतं. हवं असेल तर मोकळ्या मनाने घेऊ दे. नटणं-सवरणं काही पाप नाही, स्वतःच्या पैशाने स्वतःच्या आठ्या घालवणाऱ्या बाईला मी नाक मुरडणार नाही. पण तो निर्णय तिचा आहे की घरातल्या कोणाचा, हे कोणीतरी विचारायला हवं. औषध लिहून देणारीचं ते काम आहे.

आता कामाचं बोलू.

पहिलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही डिलीट करू नकोस. घाबरून बायका हेच आधी करतात. फॉर्म, फोटो, मेसेज, फार्मसीच्या नोंदी, पैसे आल्याच्या नोंदी, सगळं जसंच्या तसं राहू दे. मागच्या तारखेने काही लिहूही नकोस. चुकीची सही निभावून नेता येते, बदललेली नोंद नाही.

दुसरं, तुझ्या युनियनच्या कायदेशीर सल्लागाराला फोन कर, आणि तो वहिनींशी बोलण्याआधी कर. तुझी एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, नोकरी तुला जे विम्याचं कवच देते ते हॉस्पिटलच्या कामापुरतंच. या बारा सह्यांना ते लागू नाही. वेगळा विमा काढला होतास का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावा. योग्य विमा असणं ही तर रजिस्टरवर राहण्याचीच अट आहे. बाहेरचं काम हॉस्पिटलला कळवलं होतंस का, हेही सल्लागार विचारेल. खरं ते सांग.

तिसरं सगळ्यात अवघड. नर्सिंग कौन्सिलला स्वतःहून कळवायचं का? यावर सल्लागार काय म्हणतो ते ऐक, तो तुझी कागदपत्रं बघून बोलेल. माझं मत विचारशील तर, आधी आपण सांगितलेलं बरं. चौकशीचा शेवट दरवेळी पिन, म्हणजे नर्स म्हणून नोंदणीचा नंबर, जाण्यात होत नाही. समज देतात, अटी घालतात, काही काळ निलंबन होतं, आणि फार गंभीर असेल तर नाव काढून टाकतात. चूक मान्य करून ती निस्तरायला लागलेली नर्स आणि पकडली गेलेली नर्स यांच्याकडे बघण्यात फरक पडतो. तुझ्यासारखं पत्र लिहावंसं वाटणाऱ्या, पण नुकत्याच आलेल्या मुलींना इथेच सांगते: पिन गेला तर नर्सची नोकरी गेली, आणि व्हिसा नोकरीवर उभा असेल तर पाठोपाठ तोही. २५ पौंडांत हे सगळं तारण ठेवताय.

चौथं, त्या बारा जणी. सल्लागाराशी बोलून झालं की वहिनींमार्फत त्यांना निरोप दे आणि एकेकीला भेट. ‘तुमचं औषध मी लिहून दिलं होतं, तुम्हाला न भेटता. ते चुकलं. तुम्ही बऱ्या आहात ना, हे बघायला आले आहे.’ औषधाचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो, त्यामुळे बहुतेक जणी चहा पाजून पाठवतील. एखादीला त्रास झाला असेल तर तिला तिच्या जीपीकडे जायला लाव आणि औषधांचे दुष्परिणाम कळवायच्या सरकारी यलो कार्डवर त्याची नोंद कर.

वहिनींशी बोलताना नियमाच्या आड लपू नकोस. ‘कौन्सिलने बंद केलंय हो, माझा नाइलाज आहे’ असं म्हणालीस तर त्या म्हणतील, ‘कोणाला कळतंय?’ मग पुन्हा तेच. त्यापेक्षा म्हण, ‘वहिनी, ज्या बाईला मी बघितलेलं नाही तिचं औषध मी लिहून देणार नाही. आधी दिलं ते चुकलं.’ त्यावर वाद घालायला जागा उरत नाही. हेही सांग की बोटॉक्सची जाहिरात इन्स्टाग्रामवर करणंसुद्धा चालत नाही, प्रिस्क्रिप्शनच्या औषधाची लोकांसाठी जाहिरात करता येत नाही. त्या तोडून बोलल्या तर बोलू देत. मिस्टरांना मात्र आजच सगळं सांग, ऑफिसात कोणाकडून तरी कानावर जायच्या आत.

आणि तुला हे काम आवडतं, म्हणालीस. ते वाचून मला बरं वाटलं, गंमत म्हणून नाही सांगत. कारण या क्षेत्रात चांगल्या नर्सेस हव्याच आहेत. सुईवर हात बसलेला असतो, निर्जंतुकपणा अंगात मुरलेला असतो, आणि पेशंट पांढरा पडला तर तो भीतीने की रक्त अडल्याने, हे ओळखता येतं. पण आज तुझं प्रिस्क्रायबिंग फुप्फुसांचं आहे. चेहऱ्याच्या शिरा कुठून कशा जातात, कुठे सुई किती खोल न्यायची, हायल्युरोनिडेज किती आणि किती वेळाने पुन्हा द्यायचं, मधमाशीच्या दंशाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाईत ते देताना काय जपायचं, हे तुला शिकावं लागेल. त्यासाठी दोन दिवसांचा कोर्स पुरत नाही. पदव्युत्तर पातळीचे, ज्याला इथे लेव्हल सेव्हन म्हणतात, ते अभ्यासक्रम आहेत. महाग आहेत, वर्षभर चालतात. ज्या क्लिनिकमध्ये अनुभवी डॉक्टर किंवा नर्स शेजारी उभी राहून शिकवते, तिथे आठवड्यातून एक दिवस नोकरी मिळते का बघ. स्वतःचं क्लिनिक नंतर. कर्जाचे हप्ते मधल्या काळात बँक शिफ्टवर, म्हणजे हॉस्पिटलच्या जादा पाळ्यांवर, भागतील. थकशील, पण रात्री झोप लागेल.

मिरजेत आमच्या सिस्टर ट्यूटर औषधाचा ट्रे घेऊन निघालेल्या मुलीला वॉर्डच्या मधोमध थांबवायच्या आणि विचारायच्या, ‘सात नंबरच्या बाईचं नाव काय?’ कागदात बघू द्यायच्या नाहीत. सांगता आलं नाही तर ट्रे ठेवून आधी सात नंबरपाशी जाऊन बसायचं, तिच्याशी बोलायचं, मग औषध. आम्हाला तेव्हा तो जाच वाटायचा.

त्या बारा जणींपैकी पहिलीला भेटलीस की मला लिही.